साठ माणसांचा मंगळवार

बाजी, तुझ्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणणारा माणूस मला कुणी समोर आणून दाखवावा. बावीस वर्षं त्या उपकेंद्रात तू नर्स होतीस. कुणाला कितवा महिना चालू आहे, कुणाची सासू लोहाच्या गोळ्या उकिरड्यावर फेकते, कोण दवाखान्यात जातो सांगून कुठं जातो, सगळं तुझ्या जिभेवर. आणि तरी शेवटची चार वर्षं सारं गाव तुला चिडवत राहिलं, ‘काय बाजी, आज कोणता वार हाय?’ तू हसायचीस. मीही एकदा हसले होते. त्या हसण्यापायी हे लिहायला बसले आहे.

तुझ्या सेवेबद्दल, तुझ्या मायेबद्दल लिहिणारे लिहितील. शोकसभेत चार जण बोललेही म्हणे. मला ते जमणार नाही, मला तोंड नाही.

मी पहिल्यांदा आले ती वडनेर भोलजीच्या फाट्यावर उतरून, ऑटोत सात जणींच्या मध्ये दाबून. एम.एस्सी. नर्सिंगचं दुसरं वर्ष. हातात फाइल, फाइलीत सरपंचाच्या नावाचं पत्र, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावाचं पत्र, आणि तुझ्या नावाचं मात्र काही नाही, कारण तुझी परवानगी लागते असं नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं. तू ओट्यावर लसीचा डबा पुसत होतीस. मी ‘तुम्ही सिस्टर का?’ असं पुण्याच्या बाईसारखं विचारलं आणि तू वर न बघता म्हणालीस, ‘मी बाजी. मोठ्या बहिणीले कोणी तुमी म्हणते काय? कोठची व तू?’ जळगाव जामोदची म्हटल्यावर तू डबा बाजूला ठेवलास. मग चहा, मग भाकर, मग तुझ्या भाभीच्या हातचं लोणचं. तेव्हापासून तू ‘तू’ झालीस.

त्याच दुपारी तू विचारलंस, या डिग्रीला लागते तरी काय काय. मी बोटं मोजत सांगू लागले. वॉर्डातले तास. लॉगबुकावर सह्या. ज्युनिअर पोरींना शिकवायचे पाठ. सेमिनार. मग प्रबंध. त्याला आधी विषय मंजूर करून घ्यायचा, मग प्रश्नावली बनवायची, ती दहा तज्ज्ञांना दाखवायची, मराठीत करायची, मराठीच्या मास्तरांची सही घ्यायची, मग दहा लोकांवर करून बघायची, मग साठ लोकांवर. एकदा प्रश्न विचारायचे, मग शिकवायचं, मग सात दिवसांनी तेच प्रश्न त्याच साठ लोकांना पुन्हा विचारायचे. किती फरक पडला ते काढायचं. काळ्या रेक्झिनमध्ये बांधून सोनेरी अक्षरात नाव घालून द्यायचं. मग तोंडी परीक्षा. तू सगळं नीट ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘अन् एवढ्यात पेशंट कुठी येते?’

मला राग आला होता. सहज विचारलं होतंस तू, तरी आला होता.

विषय मी मोठ्या हौसेनं घेतला होता: कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांना विषबाधेबद्दल काय ठाऊक आहे. त्या हंगामात आपल्या भागातल्या दवाखान्यांत फवारणीचे पेशंट येत होते. डोळे लाल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस. तू सांगायचीस, बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा लोक म्हणे आता पंप अडगळीत टाका, फवारणी सुटली. दोन-चार वर्षं पंप खरंच अडगळीत पडले. मग गुलाबी अळी आली, आणि पंप निघाले ते दुप्पट. एका औषधात तीन औषधं मिसळायची, दुकानदार सांगेल तसं. कपाशी खांद्याएवढी वाढलेली, म्हणजे फवारा सरळ तोंडावर. तोंडाला काय, तर बनियन फाडून बांधलेलं. तू हे सगळं मला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलंस. नंतर माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी त्यावरच लिहिलं, आणि संदर्भ म्हणून इंग्रजी मासिकांची नावं टाकली.

माणसं गोळा करायची कशी, हा माझा मोठा घोर होता. मजूर सकाळी सहाला वावरात, संध्याकाळी दमून घरी, तेव्हा कोण प्रश्नांची उत्तरं देतो? तू म्हणालीस, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी मजुरी बंद असते. बाया पिशव्या घेऊन तयार असतात, माणसं दाढी करून पांढरे कपडे घालतात. आठवड्यात तेवढी एक सकाळ त्यांची स्वतःची. ‘ते सकाळ मी मागून घेतो त्याईले,’ तू म्हणालीस. ‘मले नाही म्हणत नाहीत.’ किती सहज म्हणालीस. दुसऱ्याची आठवड्यातली एकुलती एक सकाळ मागून घेणं म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा समजलं नाही.

ते मंगळवारी सात वाजता आले. साठच्या साठ, उपकेंद्रापुढच्या निंबाखाली. मी एकेकाला समोर बसवून प्रश्न वाचायचे आणि तू शेजारी. पहिल्याच माणसाच्या वेळी आपलं वाजलं. प्रश्न होता, पंपाचं नोझल चोक झाल्यास आपण काय कराल? ते शब्द त्याला कळेचनात. तू विचारलंस, ‘भाऊ, फवारता फवारता नोझल चोकलं तं काय करतं?’ तो म्हणाला, तोंडानं फुकतो. तू म्हणालीस, ‘अन् मंग?’ तो म्हणाला, मंग तोंड कडू होते. ‘अन् मंग?’ मंग पाणी पितो, वावराच्या धुऱ्यावर बसून भाकर खातो. ‘अन् मंग?’ यावर तो हसला, मग हसायचा थांबला, आणि स्वतःच म्हणाला, ‘बाजी, म्हणजे थे औषध मी भाकरीसंग खातो.’

आणि मी तुला झापलं, बाजी. साठ माणसांसमोर झापलं. म्हटलं, असं उत्तर काढून घ्यायचं नसतं, हे विचारणं नाही, हे शिकवणं झालं. शिकवायचं नंतर आहे. आधी त्यांना काय माहीत आहे तेवढंच टिपायचं. तू असं केलंस तर माझा अभ्यास बाद होईल. ‘आता समजलं त्याले, तं आता नाही समजू द्यायचं काय?’ म्हणालीस. मी म्हटलं, नाही. पद्धत आहे.

आपलं हे भांडण तसंच राहिलं. पुस्तकाप्रमाणं मीच बरोबर होते, आजही वर्गात मी असंच शिकवते. पण त्यानंतर तू स्वतःचं काही विचारलं नाहीस. फक्त माझे शब्द आपल्या बोलीत सांगत गेलीस. चौदावे सुपडाकाका नावाचे एक वयस्कर मजूर होते, त्यांनीही सांगितलं, तोंडानं फुकतो. तुझं तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते पाहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला.

सगळं झाल्यावर मी चित्रांचे तक्ते लावून पाऊण तास शिकवलं. वाऱ्याची दिशा, हातमोजे, नोझल तारेनं किंवा जुन्या ब्रशनं साफ करणं. लोकांचे डोळे बाजाराच्या रस्त्याकडं होते, आणि बाया पलीकडं पिशव्या घेऊन उभ्या होत्या. शेवटी तू उठून सांगितलंस, पुढच्या मंगळवारी याच टायमाला पुन्हा या, पोरीच्या परीक्षेचं काम आहे. कुणीतरी कुरकुरलं. तू म्हणालीस, ती येईल, माझी जबान आहे.

आता पुढचं.

पुढच्या मंगळवारी मी आजारी नव्हते. पाऊस नव्हता, संप नव्हता. खामगावला मामाकडं राहत होते, पहाटे उठून स्टँडवरही आले. नांदुऱ्याची बस लागलेली होती. मी एक पाय पायरीवर ठेवला आणि मनात आलं, कशाला. आधीच्या वर्षीच्या दोघींनी मला मागंच सांगून ठेवलं होतं, दुसऱ्या वेळचे फॉर्म घरीच भरायचे असतात, वेडी आहेस का तू, मार्क वाढलेले दाखवायचे की झालं. आकडेवारी करून देणाऱ्या सरांनी दोन दिवसांत कागद मागितले होते. पुन्हा तो ऑटो, पुन्हा ते साठ जण, पुन्हा ‘चोक झाल्यास’. कंटाळा आला, बाजी. त्याला दुसरं नाव नाही. मी पाय खाली घेतला.

वाटेत तीन पेनं विकत घेतली. निळं, काळं आणि एक जरा फिकट निळं. मामीच्या माजघरात बसून साठ फॉर्म भरले. थोड्यांवर डाव्या हातानं खुणा केल्या. सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर दाखवली तर संशय येतो, म्हणून प्रत्येकाला दोन-तीन चुका ठेवल्या. कुणाला कोणती चूक द्यायची हे मी ठरवत होते. सुपडाकाकांना नोझलचं उत्तर बरोबर दिलं. तारेनं साफ करतो, असं.

फोन तीनदा वाजला, आठला, नऊला आणि साडेनऊला. तिन्ही वेळा तुझं नाव आलं आणि मी फोन उशीखाली ठेवला. संध्याकाळी मीच लावला. गाइड मॅडमनी अचानक बोलावलं, म्हटलं. तू विचारलंस, मग आता पुढच्या मंगळवारी करायचं का. मी म्हटलं, नाही बाजी, आता त्याची गरज नाही, पहिल्याचंच चालतं. मग म्हणालीस, ‘हाव माय, काम असते मोठं. तब्येतीले जपजो.’

प्रबंध झाला. शिकवण्यानं ज्ञानात लक्षणीय वाढ झाल्याचं सिद्ध झालं. तोंडी परीक्षेला बाहेरच्या एक मॅडम आल्या होत्या, भल्या बाई. त्यांनी कौतुकानं विचारलं, ऐन फवारणीच्या दिवसांत साठातला एकही माणूस गळला नाही, हे कसं जमवलं? मी मान वर करून सांगितलं, तिथल्या नर्स ताईंचा गावात शब्द चालतो. खोटं नव्हतं ते. अख्ख्या परीक्षेत तेवढंच एक वाक्य खरं होतं. आणि आभाराच्या पानावर तुझं नाव घालायला मी विसरले. ‘उपकेंद्रातील कर्मचारी’ असं लिहिलं आहे.

पास झाल्यावर मी पेढे आणि तो काळा ग्रंथ घेऊन तुला दाखवायला आले. आता वाटतं, किती बेशरम असावं माणसानं. तू हात धुऊन, ओढणीला पुसून, तो मांडीवर घेतलास. एकेक पान उलटत गेलीस. एका तक्त्यावर थांबलीस. इंग्रजी तुला बेताचं, पण तक्ते तू आयुष्यभर भरलेले. दोन रकाने, आधीचं आणि नंतरचं, दोन्हीखाली साठ. तू बोट ठेवून विचारलंस, ‘साठच्या साठ?’ मी हो म्हटलं. तू ‘बरं झालं’ म्हणालीस, ग्रंथ मिटलास आणि चहा ठेवायला आत गेलीस. मला वाटलं, तुला काही कळलं नाही. नर्सबाई ती, तिला काय कळणार संशोधनातलं, असंही वाटलं. हे लिहून खोडत नाही, कारण वाटलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक माणूस ओरडला, ‘बाजी, आज कोणता वार हाय?’ त्याच्याबरोबरचे दोघे खिदळले. तू आतून म्हणालीस, ‘रविवार असंन बाबा, मले काय मालूम.’ होता शुक्रवार. मी भाभींना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, बाजी एकदा बाजाराचा वार चुकली, तेव्हापासून चिडवतात. मी हसले. मोठ्यानं हसले. चहा घेऊन तू बाहेर आलीस तेव्हा म्हटलंसुद्धा, बाजी, म्हातारी झालीस तू आता. तू कप माझ्या हातात दिलास आणि हसलीस.

पुढं काही वर्षांनी तू गेलीस, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा घरात बाया बसलेल्या होत्या. भाभी माझ्याशी नीट बोलल्या, पण माझा हात त्यांनी हातात घेतला नाही. बाया गेल्यावर मला आत बोलावून त्यांनी सांगितलं. तू कुणाला सांगू नको म्हणाली होतीस म्हणे, पण आता तूच नाहीस. त्या मंगळवारी साठही जण सातला आले होते. साडेनऊपर्यंत बसले. बाया दोनदा बोलवायला आल्या, बाजाराला उशीर होतो म्हणून. लोक चिडले, बाहेरची पोरगी आपल्याला येडं समजते का, म्हणाले. तेव्हा तू मधोमध उभी राहिलीस आणि सांगितलंस, ‘पोरीचं काही चुकलं नाही. मीच तिले वार चुकीचा सांगतला. गुरुवार सांगतला.’

तोवर अठरा वर्षं त्या गावात काढलेली बाई सांगते की बाजाराचा वार ती चुकली.

भाभी म्हणाल्या, लोकांचा तुझ्यावर राग नव्हता. पण त्यानंतर बाजाराची सकाळ तुला कुणी दिली नाही. तू तीनदा माणसांना बसवायचं पाहिलंस, माझ्याच त्या फवारणीच्या गोष्टी समजावून सांगायला. तुझ्या पद्धतीनं, ‘अन् मंग’ करत. तिन्ही वेळा लोक हसून ‘कोणता वार, बाजी?’ म्हणत पुढं गेले. नंतर तू नाद सोडलास.

त्या दिवशी मी बसमध्ये बसून परत आले. आता मी स्वतः गाइड आहे, बाजी. पोरी माझ्याकडं फॉर्मांचे गठ्ठे आणतात. परवा एकीच्या गठ्ठ्यात साऱ्या खुणांमागं मला तीनच पेनं दिसली. निळं, काळं, फिकट निळं. तिला विचारायला माझी जीभ रेटली नाही. मी सही केली आणि घरी येऊन जेवले नाही.

म्हणून या मंगळवारी आले. फाट्यावर उतरून चालतच आले. सातला त्या निंबाखाली जाऊन बसले. उपकेंद्राला कुलूप होतं, नवीन नर्स अजून आलेली नाही. सुपडाकाका पिशवी घेऊन बाजाराला निघाले होते, मला पाहून थांबले. कुणाची वाट पाहून राह्यली, विचारलं. तुमचीच, म्हटलं. त्यांच्यामागं आणखी पाच-सहा जण थांबले. दोघं तर पोटाशी हात बांधून, आता ही काय मागते, अशा चेहऱ्यानं.

पाठ करून आले होते, तरी उलटसुलट बोलले. म्हटलं, बाजीनं वार चुकीचा सांगितला नव्हता. तिनं मंगळवारच सांगितला होता. मी खामगावच्या स्टँडवरून परत गेले, आणि तुमच्या नावाचे कागद घरी बसून मीच भरले.

मग सुपडाकाका म्हणाले, ‘वाराचं आमाले माहीत हाय. बाजी काय बाजाराचा वार चुकते? तिनं तुह्यावर येऊ देलं नाही, म्हणून तुह्या जागी आमी तिलेच चिडवून घेतलं.’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं सगळ्या गावाला ठाऊक होतं. तुम्ही दोघांनी, तू आणि गावानं, मिळून माझी लाज झाकली होती, आणि मी त्यातच बसून चहा प्यायले होते.

काका जायला निघाले आणि पुन्हा वळले. म्हणाले, ‘पण कागदाचं नोतं माहीत. माह्या कागदावर काय लिवलं व तू?’

मी सांगितलं. नोझल चोकलं तर तारेनं साफ करतो, असं.

काका मग हळूच म्हणाले, ‘मी तं आजबी तोंडानंच फुकतो.’

बाजी, या वेळी मी पुढचा प्रश्न वाचला नाही.

‘अन् मंग?’ मी विचारलं.

त्यांनी एकदा बाजाराच्या रस्त्याकडं पाहिलं, पिशवी निंबाच्या मुळाशी ठेवली आणि माझ्यासमोर खाली बसले.